लंगोटावरच्या चड्डीसाठी अल्पाकाची लोकर: चालते, पण मेंढीच्या लोकरीची जोड हवी

खानापूर तालुक्यातल्या एका आईने विचारलंय: "अक्का, माझ्या दिरांनी परदेशातून अल्पाकाच्या लोकरीच्या ५०-५० ग्रॅमच्या चार लडी पाठवल्यात. बाळ चार महिन्यांचं आहे, घरी सुती लंगोटच वापरतो. लंगोटावरून घालायची चड्डी यातून विणली तर ओल अडेल का? बाळाला टोचेल का? आमच्याकडच्या पावसात ती धुऊन वाळवायची कशी? सासूबाई म्हणतात, ही सगळी नसती उठाठेव, मेणकापड बरं."

विण गं, जरूर विण. फक्त चारही लडींतून नुसत्या अल्पाकाची चड्डी काढू नकोस. मेंढीच्या लोकरीची जोड दे, वीण घट्ट ठेव, लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचा, हात दोनदा दे आणि ही चड्डी थंडीतल्या रात्रींसाठी राखून ठेव. ही चार पथ्यं पाळलीस तर अल्पाका छान काम देते. न पाळता विणलीस तर दिसायला देखणी होईल, पण पहाटेपर्यंत दुपटं भिजलेलं असेल.

असं का, ते समजून घे, म्हणजे पुढचं तुझं तुला सुचत जाईल.

लोकरीची चड्डी ओल अडवते ती मेणकापडासारखी नाही. मेणकापड पाण्याला भिंत घालतं, आणि वाफेलाही. त्यामुळे आत ऊब आणि ओल कोंडून राहते, कातडी मऊ पडते आणि पुरळ उठतं. लोकरीचा धागा बाहेरून पाण्याचा थेंब झटकतो आणि आतून मात्र वाफ ओढून घेतो. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. ती ओल हळूहळू बाहेरच्या हवेत जाते. म्हणजे मुख्य शोषायचं काम लंगोटाचं, आणि लंगोटातली वाफ बाहेर काढत राहायचं काम चड्डीचं. लंगोट पातळ असेल तर जगातली कुठलीही लोकर तुला वाचवणार नाही. रात्रीसाठी जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची चांगली सहा-आठ पदरी घडी हवी. आपल्या शहापूर-वडगावच्या मागावरचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घरात असेल तर दुसरं काही शोधूच नकोस.

लंगोटाचं आणखी एक. आपण बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालतो. ते तेल लंगोटाच्या कापडात मुरत जातं, आणि तेलकट सूत पाणी पीत नाही. मग लघवी लंगोटावरून ओघळून थेट चड्डीवर येते आणि दोष लोकरीला लागतो. माझ्याकडे "चड्डी गळते" म्हणून येणाऱ्या बायकांच्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं. मालिश-आंघोळीनंतर अंग नीट टिपून मगच लंगोट घाल, आणि आठवड्यातून एकदा सगळे लंगोट साबण घालून उकळून काढ. पाण्याचा थेंब लंगोटावर टाकून बघ. लगेच जिरला पाहिजे.

आता अल्पाका. हा पेरू, बोलिव्हिया, चिली इथल्या अँडीज डोंगरातला, उंटाच्या कुळातला प्राणी. त्याची लोकर मऊ, उबदार आणि चमकदार. पण मेंढीशी तुलना केली तर आपल्या कामाच्या तीन गोष्टी वेगळ्या पडतात.

पहिली, चरबी. मेरिनोसारख्या मेंढीच्या न धुतलेल्या लोकरीत वजनाच्या १० ते २५ टक्क्यांपर्यंत चरबी असते, तीच लॅनोलिन. अल्पाकाच्या अंगावर ती अगदी थोडी असते. तू म्हणशील, गिरणीत धुतलेल्या मेंढीच्या लोकरीतही ती कुठे उरते? बरोबर आहे, उरत नाही, म्हणून दोन्हींना आपण वरून लॅनोलिन देतोच. पण अल्पाकाच्या केसावरचे खवले पातळ आणि अंगाला चिकटून बसलेले असतात, केस गुळगुळीत असतो, म्हणून दिलेलं लॅनोलिन त्याच्यावर मेंढीच्या लोकरीइतकं टिकत नाही.

दुसरी, लवचिकता. मेंढीच्या केसाला बारीक नागमोडी वळणं असतात, त्यामुळे ताणलेली वीण परत जागेवर येते. अल्पाकात ही वळणं कमी. वीण ताणली की ताणलेलीच राहते, आणि ओलसर झाली की आणखी लोंबते. लंगोटावरच्या चड्डीत मांडीचा घेर सैल पडला तर बाकी सगळी मेहनत वाया.

तिसरी, ऊब. अल्पाकाच्या बऱ्याच केसांच्या आत पोकळी असते, त्यामुळे ती वजनाच्या मानाने फार उबदार. आमच्या बेळगावात मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे ही ऊब बाळाला सोसते. तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडे गारठा त्याहून जास्त. पण अथणी-चिकोडीकडे चैत्र-वैशाखात बाळाला अल्पाका घालणं म्हणजे शुद्ध छळ आहे. तिकडच्या आयांना मी उन्हाळ्यात ही लोकर सरळ नको म्हणते.

जोड देण्याची कल्पना काही माझी नव्हे. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टने एकोणिसाव्या शतकात अल्पाकाचं कापड नावारूपाला आणलं, १८५३ मध्ये सॉल्टेअर इथे मोठी गिरणी उभारली. त्या कापडातही उभा धागा सुताचा आणि आडवा अल्पाकाचा असे. आकार धरायला एक धागा आणि मऊपणा-चमक द्यायला दुसरा, असं ते गणित. आपल्या चड्डीत सुताऐवजी मेंढीची लोकर ते काम करते. सूत इथे बिलकूल नको, ते ओल बाहेर ओढून काढेल.

विणायला बसण्याआधी लडीवरची चिठ्ठी नीट वाच. शंभर टक्के अल्पाका आहे, की त्यात नायलॉन किंवा ॲक्रिलिक मिसळलंय? थोडं नायलॉन चालेल, ॲक्रिलिक नको. 'बेबी अल्पाका' लिहिलं असेल तर ती पिल्लाची लोकर असं समजू नकोस. ते नाव केसाच्या बारीकपणाचं आहे, साधारण २२ मायक्रॉनचा केस (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हा आपल्याला उत्तम. ३० मायक्रॉनच्या वरचे जाड केस टोचतात. चिठ्ठी नसेल तर लड स्वतःच्या गळ्याला, हनुवटीखाली पंधरा मिनिटं गुंडाळून बस. तुला खाजलं तर बाळाला घालू नकोस. रंगवलेली असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघ. पांढरी, तपकिरी, राखाडी अशी मूळ रंगाचीच असेल तर फारच छान.

जोडीची मेंढीची लोकर मात्र तुला शोधावी लागेल. आपल्या बाजारात 'लोकर' म्हणून जो गुंडा मिळतो तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतो. गणपत गल्लीत घे नाहीतर खडेबाजारात, बोटभर धागा मागून घे आणि घरी जाळून बघ. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो. चिठ्ठीवर 'मेरिनो' हवं, आणि शक्यतो 'सुपरवॉश' नको. यंत्रात धुता यावी म्हणून त्या लोकरीचे खवले झिजवलेले किंवा वरून लेप देऊन झाकलेले असतात, आणि आपल्याला तर ते खवलेच हवेत. दोन्ही धागे एकाच जाडीचे घे.

आता वीण. धागा मध्यम जाडीचा असेल तर दुकानदार ८ नंबरच्या सुया देईल. स्वेटरला त्या ठीक. तू १० नंबरच्या घे, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या. तुझा हात सैल असेल तर ११. कापड उजेडासमोर धरलं तर टाक्यांतून उजेडाचे ठिपके दिसता कामा नयेत. आधी ३० टाक्यांचा चौकोन विण. तो धू, वाळव, मग खाली चमचा बांधून रात्रभर टांगून ठेव आणि सकाळी माप घे. मेंढीच्या लोकरीला या टांगण्याची गरज नसते, अल्पाकाला असते. जे लोंबलेलं माप येईल त्यावरच टाक्यांचा हिशोब कर.

अंगाचा भाग दोन ओळी अल्पाका, दोन ओळी मेरिनो असा विण. एक ओळ सुलट, एक उलट ही साधी वीणच बरी, जाळीचे नमुने नकोत. कमरेची आणि मांड्यांची पट्टी मात्र निव्वळ मेरिनोची, दोन सुलट दोन उलट, निदान चार-पाच सेंटीमीटर. हीच पट्टी चड्डीला धरून ठेवते. मधला भाग, म्हणजे पुढून बेंबीच्या खालपासून मागे कमरेच्या हाडापर्यंत, दुहेरी कर. त्याच मापाची वेगळी पट्टी विणून आतून टाके घाल. मुलगा असेल तर पुढच्या बाजूला ही जाडी वरपर्यंत ने, मुलगी असेल तर मधोमध आणि मागे जास्त हवी. पाठीमागे सात-आठ अर्ध्या ओळी (टोकापर्यंत न जाता मध्येच वळवलेल्या) घालून उंची वाढव, नाहीतर बाळ पालथं पडलं की कंबर खाली सरकते आणि लंगोट उघडा पडतो.

माप घेताना बाळाला रात्रीचा जाड लंगोट घालून मगच टेप लाव. कमरेला नाडी घालणार असशील तर लोकरीचीच विण, आखूड ठेव आणि टोकं आत खोच. लांब नाडी बाळाच्या बोटांत, गळ्यात अडकू शकते. तुझ्या चार लडींत मेरिनोची भर घातलीस की या वयाच्या मापाच्या तीन चड्ड्या होतील. तीन हव्यातच, का ते पुढे सांगते.

चड्डी पुरी झाली की लॅनोलिन. औषधाच्या दुकानात शुद्ध लॅनोलिन मिळतं. अंगावर पाजणाऱ्या आयांच्या चिरलेल्या स्तनाग्रांना लावायला जे देतात तेच. वास घातलेलं घेऊ नकोस. ते साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गार पाण्यात कालवायचा प्रयत्न करू नकोस. एका झाकणाच्या बरणीत कपभर कढत पाणी घे, त्यात एका चड्डीमागे चहाचा एक चमचा लॅनोलिन आणि बाळाच्या शांपूचे काही थेंब टाक. फडक्यात धरून हलव. पाणी दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. वर पिवळे थेंब तरंगत असतील तर शांपू कमी पडलाय, आणखी दोन थेंब घाल. ते थेंब तसेच राहिले तर चड्डीवर चिकट डाग पडतात. हे पांढरं पाणी कोमट पाण्याच्या घमेल्यात ओत, चड्डी उलटी करून, आधी साध्या पाण्यात भिजवून, त्यात बुडव आणि रात्रभर राहू दे. सकाळी काढ, पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब आणि सपाट वाळव. मेंढीच्या चड्डीला हे एकदा पुरतं. तुझ्या या चड्डीला सुरुवातीला दोनदा दे, मध्ये पूर्ण वाळवून. बोअरचं जड पाणी असेल तर ते या कामाला टाळ. तुमच्याकडे पावसाचं पाणी भरपूर. कौलांवरून पडणारं स्वच्छ पाणी पहिल्या काही सरी सोडून धरून ठेवलंस तर या कामाला त्यासारखं पाणी नाही.

लॅनोलिनऐवजी खोबरेल चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. नाही. ते लंगोटात उतरतं, काही दिवसांत खवट होतं, आणि वर सांगितलेला तेलकट लंगोटाचा प्रकार सुरू होतो.

बाळाला घालण्याआधी चड्डीची परीक्षा घे. ओला करून हलका पिळलेला लंगोट चड्डीच्या दुहेरी भागात ठेव, खाली वर्तमानपत्र. अर्ध्या तासाने कागद कोरडा हवा. मग वरून तळहाताने दाब. आता थोडी ओल उतरेल. ती उतरणारच, कारण दाब आला की लोकर पाणी सोडते. इथेच आपल्याकडच्या घरांतली खरी अडचण आहे: झोळी. झोळीत बाळाचा सगळा भार बुडाखाली येतो आणि कापड चहूबाजूंनी आवळून बसतं. हवा खेळत नाही, वाफेला वाट नाही, वरून दाब. लोकरीची चड्डी झोळीत गळते, मग ती अल्पाकाची असो की अस्सल मेरिनोची. म्हणून दिवसा झोळीत असताना लंगोट लवकर-लवकर बदल, आणि ही चड्डी रात्री बाळ सपाट अंथरुणावर असतं तेव्हा घाल. चड्डीवरून पुन्हा घट्ट दुपटं आवळू नकोस.

सकाळी काढलेली चड्डी धुवायची नाही. लंगोट बदलला की तिला उलटी करून वाऱ्यावर टाक. संध्याकाळपर्यंत ती कोरडी होते आणि वासही जातो. म्हणून तीन चड्ड्या: एक अंगावर, एक वाऱ्यावर, एक हाताशी. शी लागली तर तेवढाच भाग लगेच गार पाण्याखाली धर. पूर्ण धुणं दोन-तीन आठवड्यांतून एकदा, किंवा वाळल्यावरही लघवीचा वास राहायला लागला की. अल्पाकाला दर धुण्यानंतर लॅनोलिन द्यावं लागेल, मेंढीच्या चड्डीसारखं एक धुणं सोडून चालणार नाही.

धुताना रिठ्याचं पाणी सगळ्यात चांगलं. रोजची कपड्यांची पावडर अजिबात नको. तिच्यात डाग खाणारी एन्झाइमं असतात, आणि लोकर प्रथिनाचीच असल्याने ती तिलाही खातात. धुण्याचा सोडा आणि ब्लीच तर त्याहून वाईट. पाणी कोमट, चोळणं नाही, आपटणं नाही. मेरिनोच्या ओळी कढत पाण्यात आकसतील, अल्पाकाच्या कमी आकसतील, आणि चड्डीला चुण्या पडून ती कायमची वाकडी होईल.

तुमच्याकडच्या आषाढ-श्रावणातल्या वाळवणाचं विचारलंयस. टॉवेलात दोनदा दाबून घे, दुसऱ्यांदा कोरडा टॉवेल. मग सुपावर किंवा बांबूच्या पाटीवर सपाट पसरून पंख्याखाली ठेव, मध्ये एकदा उलट. दीड-दोन दिवस लागतील. लंगोट वाळवतो तशी शेगडीवरच्या टोपलीवर टाकू नकोस. लोकर करपते, आणि धुराचा वास महिनाभर जात नाही. दोरीवर टांगू नकोस, लोंबेल. उघडीप मिळाली तरी कडक ऊन नको, सावलीतला वारा पुरे. खरं सांगू का, भर पावसात तुमच्या गावी धुणं लांबवणं हेच शहाणपण. वाऱ्यावर टाकलेली चड्डी त्या हवेतही पंख्याखाली एका रात्रीत वापरण्याजोगी होते.

बाळाच्या अंगाचं बघत राहा. मानेच्या मागे हात लावून घामेजलेलं लागलं तर वरचं पांघरूण कमी कर, नाहीतर चड्डीच काढ. झोपेत बाळ जास्त तापू देणं धोक्याचं असतं. थोड्या बाळांना लॅनोलिनही सोसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी दोन तासच घालून बघ. मांडीच्या घडीत लालभडक चट्टा आणि कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर लोकर, मेणकापड हा वाद बाजूला ठेव आणि डॉक्टरांना दाखव. ती बुरशी असू शकते आणि तिला औषध लागतं.

सासूबाईंना सांग, मेणकापड फेकायचं नाहीये. ते अंथरुणावर, गादी वाचवायला असू दे, फक्त बाळाच्या अंगाला गुंडाळायचं नाही. घरात जुनी घोंगडी असेल तर त्याहून छान. आपल्या भागातल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची ती लोकर जाड आणि राठ, चड्डीच्या कामाची नाही, बाळाला टोचेल. पण खळ धुऊन गेलेल्या जुन्या घोंगडीचा हातभर तुकडा मेणकापडावर आणि त्यावर सुती दुपटं असं अंथर. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती ओलीने चिकट होते, म्हणून जुनीच घे. रात्री चुकून थोडी ओल उतरली तरी बाळ गार पडत नाही. सासूबाईंना ही गोष्ट पटेल, कारण धनगर भर पावसात काय पांघरून उभा असतो ते त्यांनी आयुष्यभर बघितलंय.

शेवटी एक फार महत्त्वाचं. उन्हाळ्यात चड्ड्या बांधून ठेवशील तेव्हा त्यांत डांबराच्या गोळ्या टाकू नकोस. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलिन कपड्यांत मुरतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा बाळाला तसा कपडा घातला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते. घरात कुणालाच ठाऊक नसतं की आपल्या बाळाला ही उणीव आहे. ही लोकर बाळाच्या कातडीला रात्रभर लागणार आहे, म्हणून इथे कुणाचंही ऐकू नकोस. चड्डी स्वच्छ धू, पूर्ण वाळव, हवा जाणार नाही अशा पिशवीत बंद कर. कसर जास्त करून लागते ती मळक्या, लघवी-दुधाचा अंश राहिलेल्या लोकरीला. महिन्यातून एकदा पिशवी उघडून झटक आणि परत बंद कर. आधीच डांबराच्या गोळ्यांच्या पेटीत ठेवलेलं जुनं टोपडं, झबलं, शाल कुणी बाळासाठी आणून दिली तरी ती बाळाला घालू नकोस, दिरांच्या लडी तशा पेटीत राहिल्या असतील तर त्याही नकोत.